वेणी घातलेली याडी

हिंगोलीकडच्या पुसेगावच्या शाळेत मी चौथीचा वर्ग घेत होते, तेव्हा जिवनबाई दिसायच्या आधी ऐकू यायच्या. डोक्यावरून घ्यायच्या ओढणीला त्यांच्याकडे टुकरी म्हणतात. तिच्या काठाला शिवलेली नाणी, चोळीवरच्या आरशांभोवतीची घुंगरं, कोपरापर्यंतच्या बांगड्या, हे सगळं त्या चालताना वाजायचं. शाळेच्या फाटकापाशी तो आवाज आला की पोरं वहीतून मान वर काढून म्हणायची, "संगीची आई आली!" संगिता मात्र मान खाली घालायची. आईच्या आवाजाची तिला लाज वाटायची आणि आई आल्याचा आनंदही व्हायचा. दोन्ही एका चेहऱ्यावर मावत नसल्यामुळे ती बाकाखाली काहीतरी शोधत बसायची.

जिवनबाई यायच्या त्या बहुतेक विसरलेली भाकरी घेऊन. दारातूनच म्हणायच्या, "बाई, ह्या पोरीला डोकं हाय का बघा जरा. असंल तर पाठवा घरी, घरी लागते." वर्ग हसायचा. त्याही हसायच्या आणि तशाच वाजत तांड्याच्या वाटेला लागायच्या.

तांडा शाळेपासून जवळच, माळाच्या उतारावर. यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख हिंडायचे. आता सगळे शेती करतात. हळद, सोयाबीन, थोडी तूर, चार शेळ्या. बायकांनी हळूहळू साडी धरली, त्यांच्या सुनांनी घरात गाऊन धरला. जिवनबाईंनी आपला पोशाख सोडला नाही. कोणी विचारलं की म्हणायच्या, "साडीत पाय अडकते माझा." खरं कारण ते नसावं. एवढी नाणी साडीवर शिवता येत नाहीत, हे असावं.

त्या नाण्यांत निजामाच्या काळातली चांदीची होती, राणीच्या छापाची होती, आणि अगदी मधोमध, कपाळाच्या वर येईल असं, एक तांब्याचं होतं. बाकीच्यांपेक्षा मोठं, जाड आणि काळपट. त्याच्यावर एका बाईचं तोंड होतं. केस मोकळे सोडलेले, मानेवरून मागं उडालेले, आणि खांद्यामागून वर आलेली एक काठी, काठीच्या टोकाला टोपी अडकवलेली. कोणत्या मुलखाचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. तांड्यावर त्याला 'याडी' म्हणत. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई.

एकदा मी वर्गाला सांगितलं, घरातली एक जुनी वस्तू आणा. कोणी अडकित्ता आणला, कोणी पितळी माप. संगितानं मूठ उघडली तर तिच्यात याडी. आईनं आंघोळीला जाताना काढून ठेवलेल्या टुकरीचा टाका उसवून आणलेली. मी रागवायच्या आत तिनंच विचारलं, "बाई, हिचे केस मोकळे काहून हाय? हिला आई न्हवती का विंचरायला?"

नाणं हातात घेतलं तर त्या बाईच्या केसांवर बारीक, तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा दिसल्या. ताज्या, चकचकीत.

"हे काय केलंस?"

"वेणी घातली. सुईनं."

तेवढ्यात फाटकाशी आवाज आला, नेहमीपेक्षा जोरात. जिवनबाई धावत आल्या होत्या. पोरीच्या पाठीत धपाटा बसला. मग त्यांनी नाणं उजेडात धरून ती वेणी पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि त्यांचा चेहरा सैल झाला. "घातली तं घातली," त्या म्हणाल्या. "लई दिवसाची मोकळी हिंडून राहिली होती बिचारी."

त्या नाण्याची रीत मला पुढे संगिताच्या लग्नात कळली. ते आईकडून लेकीकडे जायचं. लेकीचं लग्न ठरलं की आई आपल्या टुकरीवरून याडी काढायची आणि स्वतःच्या हातानं लेकीच्या टुकरीवर शिवायची. आईच्या टुकरीवर तिथं दुसरं नाणं लावायचं नाही, जागा मोकळी ठेवायची. आणि सासरी निघताना नवरी ढावलो म्हणते, म्हणजे रडत रडत म्हणायचं निरोपाचं गाणं. इतर मुली त्यात आईबाप, भाऊ, शेळ्या, विहीर यांचा निरोप घेतात. याडी मिळालेली मुलगी त्यातच ज्या ज्या बायकांच्या कपाळावर याडी होती त्यांची नावं घ्यायची. आधी आई म्हणायची, मागून लेक. संगिता तेव्हा कॉलेजात जाऊन आलेली. तिला ढावलो येत नव्हता, आईच्या गळ्यात पडून ती शब्द पकडत होती, मध्येच हुंदका आणि मध्येच हसू. मला नावं नीट कळली नाहीत, चाल तेवढी लक्षात राहिली. शेवटी जिवनबाईंनी लेकीचं नाव जोडलं तेव्हा सगळ्या बायका एकदम रडल्या, एवढं आठवतं.

संगिताचं सासर कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यावर. माणसं चांगली होती. ती तिथं रमली होती. एका पावसाळ्याच्या शेवटी तिला कावीळ झाली. वाशीमला नेईपर्यंत ती कोणाला ओळखेनाशी झाली होती, आणि तिथंच गेली. मूलबाळ नव्हतं.

तांड्यावर मयतीला बायका गळ्यात गळा घालून सुरात रडतात, गेलेल्या माणसाच्या गोष्टी त्या रडण्यातच सांगतात. जिवनबाई रडल्या नाहीत. बायका येऊन त्यांच्या गळ्यात पडत होत्या, आणि त्या प्रत्येकीला सरळ बसवून पाणी देत होत्या. दिवस झाल्यावर संगिताचे सासरे रतनसिंग स्वतः तिची पेटी घेऊन आले. याडीचा टाका त्यांनी न कापता सुईनं उसवून काढला होता. नाणं जिवनबाईंच्या हातावर ठेवून ते म्हणाले, "ही तुमची." जिवनबाई म्हणाल्या, "च्या घ्या." नाणं मुठीत तसंच ठेवून त्यांनी एका हातानं चहा केला.

त्यानंतर त्यांचा आवाज बंद झाला. बोलत होत्या, विचारलं तेवढं. पण अंगावरची नाणी, घुंगरं त्यांनी उतरवून ठेवली. पोशाख तोच, फक्त मुका. टुकरीवर कपाळाच्या वर याडीच्या जागी एक गोल डाग होता. बाकीचं कापड उन्हानं विटलं होतं, तेवढा गोल गडद लाल राहिला होता. मी भेटायला जायचे तेव्हा माझी नजर तिथंच जायची.

हळद शिजवायच्या दिवसांत एकदा गेले होते. कुकरमधून नुकतीच काढलेली, वाफाळणारी हळद पसरत होत्या. इतर बायका फावड्यानं ओढत होत्या, जिवनबाई ओंजळीनं उचलत होत्या. त्यांची जाऊ नीलाबाई ओरडली, "अगं, भाजून राहिली ना! हात हाय का लाकूड?" जिवनबाईंनी हाताकडे पाहिलं, दुसऱ्याच कोणाचा असावा तसं, आणि फावडं घेतलं. रात्री फोड आले म्हणे. योगेशनं, त्यांच्या मुलानं, मलम लावलं तेव्हा त्यांनी विचारलं, "कशाला?"

नीलाबाई थोरल्या जाऊबाई, तोंडानं फटकळ. जिवनबाईंवर त्यांचा जीव होता आणि म्हणूनच त्या गप्प बसत नव्हत्या. "आईची वस्तू लेकीकडं जाते. लेकीची वस्तू आईकडं उलटी आली, असं कधी झालं का ह्या घरात? नदी उलटी वाहिल्यावाणी झालं. असली वस्तू घरात ठेवत न्हाईत. तिच्यानंच तू अशी झाली. जा, कयाधूत सोडून ये, मोकळी हो."

जिवनबाई म्हणायच्या, "बघू."

योगेशचं म्हणणं निराळं. सेनगावात त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वडिलांचा, गुलाबसिंगांचा, चष्मा करायला तो हिंगोलीला गेला, तेव्हा चष्म्याच्या दुकानदारानं काउंटरच्या काचेखाली जुनी नाणी मांडलेली त्यानं पाहिली. त्यानं सहज फोनमधला याडीचा फोटो दाखवला. दुकानदार, वैजनाथराव, फोटो मोठा करून बघत राहिले आणि म्हणाले, हे नाणं अमेरिकेचं आहे, त्यांच्या टांकसाळीच्या अगदी पहिल्या वर्षांतलं. प्रत्यक्ष बघायला येऊ का? योगेशनं घरी सांगितलं, "आई, नदीत टाकण्यापेक्षा त्याची कदर असलेल्या माणसाकडं जाऊ दे. पेटीत ठेवून तू रोज झाकण उघडून राहिली, मी बघतो ना."

जिवनबाई यालाही "बघू" म्हणाल्या. मग मला निरोप धाडला. मी गेले तर म्हणाल्या, "तुमी बी या बाई, तो चष्मेवाला येईल त्या दिवशी. आपल्या बाजूनं शिकलेलं एक माणूस पायजे." आणि म्हणाल्या, "टाकून दिली, विकली, कसं बी केलं, तं मंग संगीचं नाव कुठं जाईल?"

संगिता गेल्यानंतरच्या तीन वर्षांत त्यांच्या तोंडून लेकीचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांना काय सोडवत नव्हतं ते मला तेव्हा कळलं. नाण्याचं त्यांना काही नव्हतं. नावांच्या त्या ओळीत संगिता शेवटची राहिली होती, आणि ओळ तिथं संपते की पुढे जाते, हे त्यांना कोणी सांगत नव्हतं.

वैजनाथराव आले ते एका रविवारी, स्कूटरवर, गळ्यात भिंगाची पिशवी. साठीचा, नीटनेटका, हळू बोलणारा माणूस. अंगणात बाज टाकली होती. नीलाबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला म्हणाल्या, "पाव्हणे पोरगी पाहायला आल्यावाणी आले. पोहे टाकू का?"

"टाका की," वैजनाथराव म्हणाले. "पोरगी पसंत पडली नाही तरी पोहे पसंत पडतील."

"हे बरं बोलते!" नीलाबाई आत गेल्या.

जिवनबाईंनी टुकरीच्या टोकाची गाठ सोडली आणि रुमालात गुंडाळलेलं नाणं पुढे केलं. वैजनाथरावांनी रुमाल उघडला आणि त्यांचा हात थांबला. नाणं लखलखत होतं. नव्या तांब्याच्या घागरीसारखं, गुलाबी.

"हे घासलं का?"

"घासलं," जिवनबाई म्हणाल्या. "चिंच लावली, राख लावली. सकाळपासून."

"काहून, मावशी?"

"पाव्हणे येणार म्हणून. कोणी आपली पोरगी मळक्या तोंडानं पुढं आणते का?"

वैजनाथरावांनी डोळे मिटले आणि उघडले. मग फार सांभाळून म्हणाले की जुन्या तांब्यावर जो काळपट तपकिरी रंग येतो, तो मळ नसतो. ती त्याची कातडी. दोनशे वर्षांनी येते आणि एकदा गेली की परत येत नाही. त्याचे शौकीन आधी ती बघतात.

"बघ!" योगेश कपाळाला हात लावून म्हणाला. "फोटोत किती छान दिसत होती."

"तुझ्या आज्यानं बी प्रत्येक दिवाळीला घासलीच असंल," गुलाबसिंग कोपऱ्यातून म्हणाले.

"आजीनं," जिवनबाई म्हणाल्या. "बापे माणसं हात लावत न्हवती तिला." आणि मग त्यांनी वैजनाथरावांना विचारलं, "मी खराब केली का?" विचारताना आवाजात काही नव्हतं. दूध नासलं का, असं विचारावं तसं विचारलं.

"नाही," वैजनाथराव म्हणाले. "बाई तीच आहे. बघू या."

त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. नाणं फिरवलं, पाठ पाहिली, कड पाहिली. कडेवरही अक्षरं होती, आम्हाला कोणाला कधी दिसली नव्हती. नीलाबाई पोह्यांच्या बशा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "चालून दाखवायला सांगा तिला. लंगडत असंल तं आताच कळू द्या."

वैजनाथराव हसले, पण मान वर केली नाही. बघता बघता सांगत राहिले. तेव्हा टांकसाळीतला एकेक साचा माणूस हातानं कोरायचा. साचा तडकला की दुसरा. एकाच वर्षात पन्नासवर साचे झाले, आणि हातानं कोरलेले म्हणून प्रत्येक साच्यातल्या बाईचे केस निराळे. एकीची बट खाली वळलेली, एकीची सरळ. तिकडे या नाण्यांचे वेडे लोक आहेत, ते केसांच्या टोकावरून ओळखतात कोणत्या साच्याची बाई. काही साच्यांची नाणी शेकड्यांनी आहेत, काहींची हाताच्या बोटांवर. "ही त्या बोटांवरच्यांतली दिसते," ते म्हणाले. "छिद्र आहे, घासलेली आहे, तरी."

"हिकडं कशी आली मंग?" नीलाबाईंनी विचारलं.

"नक्की कोण सांगणार? पण पूर्वी अमेरिकेहून मुंबईला जहाजं यायची, बर्फ भरून. खलाशाच्या खिशातून कदाचित."

"बर्फ?" नीलाबाई मला म्हणाल्या. "जहाजात बर्फ घालून समुद्रातून? अन् इतळत न्हवता व्हय तो? बाई, हे चष्मेवाले तुमाला बी फसवून राहिले."

मी म्हटलं, खरंच यायचा, भुशात गुंडाळून. नीलाबाईंचा विश्वास बसला नाही तो नाहीच.

मग वैजनाथराव थांबले. भिंग जवळ नेलं, लांब नेलं. "इथं केसांवर कोणीतरी सुईनं ओरखडे काढलेत. साच्यातले नाहीत. तिरके, आडवे..."

जिवनबाई इतका वेळ जमिनीकडे बघत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हाय का ते?"

"आहेत ना."

"मला दिसून न्हाई राहिले. सकाळी घासल्यावर पाहिलं तं सगळं गुळगुळीत. मला वाटलं, राखेनं गेली."

"काय गेली?"

"वेणी."

मीच वैजनाथरावांना सांगितलं, शाळा, सुई, मोकळे केस. त्यांनी ऐकून घेतलं आणि भिंग जिवनबाईंच्या हातात दिलं. डोळ्याशी कसं धरायचं ते दाखवलं. त्या उजेडाकडे तोंड करून बसल्या. हातावर फोडांचे डाग अजून होते. हळदीनं पिवळ्या पडलेल्या नखांत नाणं धरून त्या बघत राहिल्या. पोहे गार झाले. नीलाबाईंनी दोनदा "अगं" म्हटलं आणि दुसऱ्यांदा स्वतःच गप्प झाल्या.

"हाय," जिवनबाई म्हणाल्या. भिंग परत दिलं. "खाली गाठ बी मारेल हाय तिनं."

पोहे खाताना वैजनाथरावांनी आपलं काम सांगितलं. तिकडचे शौकीन अशा प्रत्येक दुर्मीळ नाण्याची वंशावळ ठेवतात. कोणाकडे होतं, त्याच्यानंतर कोणाकडे, तो गेल्यावर कोणाकडे. एकेकाचे मालक सलग दोनशे वर्षांचे.

"आमच्या भाटावाणी," गुलाबसिंग म्हणाले.

"अगदी तसंच. आता हे नाणं कायद्यानं देशाबाहेर जाऊ शकत नाही, ते इथंच राहणार. तुम्ही विकणार असाल तर मी घेईन, वाजवी दरानं, मॅडमसमोर. नसाल विकणार, तरी फोटो, वजन आणि मालकांची नावं मला द्या. मी यादीत घालायला पाठवीन. नावं आहेत का काही?"

योगेश म्हणाला, "आईला येते ना. आई, सांग."

"असं बोलून न्हाई येत," जिवनबाई म्हणाल्या. "ढावल्यात येते ते."

"मग ढावलो म्हण."

"नवरी कुठं हाय?" नीलाबाई त्याच्यावर खेकसल्या. "भर दुपारी बिनलग्नाचा ढावलो म्हणत असतेत का? लाज न्हाई का बोलायला?"

योगेश ओशाळला. वैजनाथराव म्हणाले, राहू द्या, राहू द्या. त्यांनी नाणं रुमालात ठेवलं. जिवनबाई मात्र ओठ हलवत होत्या. आधी आवाज नव्हता. मग आला, पण चालीशिवाय, सपाट. "हेमलीनं मीठ देऊन घेतली. हेमलीनं झमकीला देली. झमकीनं सोनकीला देली. सोनकीनं..." तिथं थांबल्या. चाल नसल्यामुळे पुढचं पाऊल सापडत नव्हतं. पाठ कविता मधूनच म्हण म्हटलं की मुलं अशीच अडतात आणि परत पहिल्या ओळीला जातात. त्याही गेल्या. "हेमलीनं मीठ देऊन घेतली. हेमलीनं झमकीला देली. झमकीनं सोनकीला, सोनकीनं गोमलीला, गोमलीनं सक्रीला. सक्री माझी आई. सक्रीनं जिवनीला देली. जिवनीनं संगिताला देली."

वैजनाथरावांनी एकेक नाव परत म्हणून घेतलं, उच्चार बरोबर आहे का विचारलं. आणि मग यादी करणारा माणूस विचारेल तसं साधेपणानं विचारलं, "संगिताबाईंनंतर?"

योगेश म्हणाला, "ताई गेली. नाणं परत आलं. आता आपलंच. माझं लिहा की."

"बाप्याचं नाव न्हाई येत त्याच्यात," नीलाबाई म्हणाल्या. "संपलं ते. उलटं आलं अन् संपलं."

"परत कोणाच्या हातात आलं?" वैजनाथरावांनी विचारलं.

"माझ्या," जिवनबाई म्हणाल्या.

"मग तुमचं नाव."

"ते येऊन गेलं ना मागं."

"पुन्हा येतं की. तिकडच्या यादीतही असं असतं. एकाकडून जातं, दुसऱ्याकडं राहतं, पुन्हा पहिल्याकडं येतं. तेव्हा त्याचं नाव पुन्हा लिहितात. दोनदा."

"मागचं खोडत न्हाईत?"

"नाही. मागचं मागं, पुढचं पुढं."

जिवनबाईंनी मला विचारलं, "व्हय का, बाई?" मी म्हटलं, वंशावळीत मागं जाताच येत नाही, जे होतं ते पुढेच लिहितात.

"म्हंजी उलटी न्हाई आली."

"नाही. संगिताच्या पुढे आली."

त्यांनी मान हलवली. रडल्या नाहीत. आम्हा सगळ्यांना वाटलं आता रडतील, नीलाबाई तर पदर सावरून पुढे सरकल्या होत्या. पण त्या उठल्या, आत गेल्या आणि सुई-दोरा घेऊन आल्या. डोक्यावरची टुकरी काढून मांडीवर घेतली. वैजनाथरावांना म्हणाल्या, "तुमी आधी तुमचं फोटो-वजन करून घ्या दादा. विकायची न्हाई ती. माझी पाळी पुन्हा आली."

"मेलेल्या पोरीची वस्तू कपाळावर?" नीलाबाई म्हणाल्या.

"तिची होती तवर तिची होती."

वैजनाथरावांनी छोट्या काट्यावर वजन केलं, दोन्ही बाजूंचे फोटो काढले, भिंगातून वेणीचा वेगळा काढला. वर्णनात काय लिहिणार ते मला वाचून दाखवलं: छिद्र पाडलेले, घासलेले, केसांवर मालकिणीच्या मुलीने सुईने घातलेली वेणी. मग जिवनबाईंनी त्या गडद लाल गोलावर नाणं ठेवलं आणि टाका घातला. नाणं गोलात बरोबर बसलं. आणखी दोन टाके घातले आणि दोरा दातानं तोडला. ढावलो त्यांनी म्हटला नाही.

पुढे काही दिवसांनी मी तांड्यावर गेले तेव्हा त्या तूर पाखडत होत्या. टुकरीवर ते एकच नाणं होतं, घुंगरं नव्हती. एकटं नाणं वाजत नाही, वाजायला दुसरं लागतं. मी तसं काही बोलले नाही. योगेश फोन घेऊन बाहेर आला. यादी आली होती, त्यानं मला दाखवली. इंग्रजीत, पण नावं ती. मी वाचली. हेमली, झमकी, सोनकी, गोमली, सक्री, जिवनी, संगिता. तिथं संपत होती.

जिवनबाईंनी पाखडणं थांबवलं. "माझं दुसऱ्यानं न्हाई?"

मी पुन्हा पाहिलं. नव्हतं. योगेशनं तिथल्या तिथं वैजनाथरावांना फोन लावला. त्यांनी चौकशी केली, दोन-चार दिवसांनी कळवलं. तिकडच्या माणसानं तेच नाव दोनदा आलेलं पाहून चूक समजून एक काढून टाकलं होतं. वैजनाथरावांनी त्याला पुन्हा लिहिलं. ते दोन-चार दिवस जिवनबाई जेवत होत्या, कामं करत होत्या, पण योगेश सांगत होता, सकाळ-संध्याकाळ एकच विचारायची, "टाकलं का त्यानं?"

टाकलं. योगेश मला घ्यायला मोटारसायकल घेऊन आला. तो स्वतः वाचू शकला असता, पण त्यांना माझ्याकडून ऐकायचं होतं. "बाई हजरीत नाव वाचायच्या तसं वाचा म्हणते," तो म्हणाला.

जिवनबाई अंगणात बाजेवर सूप घेऊन तूर पाखडत बसल्या होत्या. संगिता हजरीला कधी एका हाकेत ओ द्यायची नाही, दुसऱ्यांदा घ्यावं लागायचं तिचं नाव. मला वाचताना ते आठवलं. मी सावकाश वाचत गेले. हेमली. झमकी. सोनकी. गोमली. सक्री. जिवनी. संगिता.

थांबले. जिवनबाई फोनच्या काचेकडे बघत होत्या. वाचता येत नव्हतं, तरी त्या नावाकडेच बघत होत्या असं मला वाटलं.

"म्हणा ना पुढचं," त्या म्हणाल्या.

"जिवनी."

"हां," त्या म्हणाल्या. आणि हातातलं सूप पुन्हा हलवायला लागल्या.